उचकी

दर तेरा मिनिटांनी यंत्राला उचकी लागते.
तीनशे चाळीस मिलिसेकंद.
पापणी लवायला लागतो तेवढाच वेळ,
पण रुग्णवाहिका बोलावणाऱ्याच्या तोंडचा
घराचा नंबर नेमका त्यातच गळतो.
राक्वेरेची ऑपरेटर पुन्हा विचारते, सतरा की सत्तर?
तोवर कुणीतरी जिन्यात पडून आहे.

नार्वामध्ये उर्वेची ही तिसरी जागी रात्र.
बाहेर उणे एकोणीस, नदी काठाकाठाने गोठलेली,
पलीकडे दुसऱ्या देशाचे दिवे.

आभासी यंत्राला विचारावं, तर ते शपथेवर सांगतं,
माझा डोळासुद्धा लागला नाही.
खोटं नाही बोलत ते.
ज्याचा वेळच कुणी उचलून नेला
त्याला झोप लागल्याचं कळणार कसं?
त्याच्या नोंदवहीत ओळीखाली ओळ, मधे फट नाही,
फक्त घड्याळ तेवढं पुढे सरकलेलं,
चपला हातात घेऊन
मागच्या दाराने आत आलेल्या पोरासारखं.

कापितोलिना चहा घेऊन येते.
रात्रीची राखणदार. त्याआधी एकतीस वर्षं मागावर,
त्या खडखडाटात डावा कान गेला.
उचकी? ती म्हणते. मग नावं घे.
ज्याच्या नावाला थांबेल, त्यानं आठवण काढली.

उर्वे हसते. आणि नावं घ्यायला लागते.

शेजारी.
एकाच पत्र्याखाली राहणारा,
रात्रभर कुणाकुणाचे लग्नाचे फोटो लहानमोठे करणारा.
त्याचं बिऱ्हाड दुसऱ्या सर्व्हरवर हलवलं.
उचकी चालूच.
रात्रीचा बॅकअप. थांबवला. चालूच.
नेटवर्क कार्ड बदललं,
हात गारठले, एक स्क्रू जमिनीच्या जाळीत पडला, तो मिळाला नाही.
चालूच.
मेमरीची सारखी पानं शोधून एकात एक घालणारा
तो काटकसरी कारकून, त्याला रजा दिली.
प्रोसेसरला बजावलं, डुलकी घ्यायची नाही.
चालूच, चालूच.
चोरीला गेलेल्या वेळेचा एक रकाना असतो,
त्यात शून्य.
घरमालकाच्या वहीतही शून्य.
कुठंतरी पाणी मुरतंय, आणि भिंत कोरडी.

कापितोलिनाचा फोन वाजतो.
ती उठते, खुर्चीला वळसा घालून टेबलापर्यंत जाते,
उजव्या कानाला लावून ओरडते, जागी आहे!
परत येऊन बसते, कुरकुरते,
दर तासाला टॅलिनहून विचारतात, जागी आहेस ना म्हणून.
आणि तो फोन घ्यायला मी उठते
तेवढ्यात दाराकडे कुणाचंच लक्ष नसतं.

उर्वेचा चहा तोंडाशी येऊन थांबतो.

तिने सगळे पाहुणे हलवले, घर रिकामं केलं.
रिकाम्या घरात एकच छोटा प्रोग्राम सोडला.
त्याला दुसरं काम नाही, घड्याळाला विचारत राहायचं,
किती वाजले, किती वाजले, आता किती?
तीन वाजून सव्वीस मिनिटांनी
अठ्ठेचाळीसच्या अठ्ठेचाळीस कोअर एकदम गप्प.
आणि पुन्हा, किती वाजले?

म्हणजे त्याही खाली.
जिथे कार्यप्रणालीलाही कुणी विचारत नाही,
त्या तळघरात फर्मवेअर,
दर तेरा मिनिटांनी सगळ्यांना जागच्या जागी उभं करून
वीजपुरवठ्याच्या दोन डब्यांना हाक मारतं,
बरे आहात ना?
एक लगेच हो म्हणतो.
दुसरा नोव्हेंबरात नवा बसवलेला, त्याला हाक उशिरा कळते.
तो हो म्हणेपर्यंत
सगळा गाव पाय उचललेला तसाच.

आठवणच काढत होतं कुणीतरी.

उर्वेने ती चौकशी बंद केली,
बोर्डावरच्या एका वेगळ्या चिपकडे सोपवली,
जिला दुसरं कुणी थांबवावं लागत नाही.
तेरा मिनिटं गेली. सव्वीस.
एकोणचाळीसला तिने पाव खायला घेतला.

पाच वाजता टेबलावरचा फोन पुन्हा वाजला.
कापितोलिना उठली, खुर्चीला वळसा घालून गेली.
ती येईपर्यंत उर्वे दाराकडे बघत बसली.